विबिसोनोंच्या दारात जहाज

पाक विबिसोनो, म्हणजे आपल्या भाषेत विबिसोनोराव, यांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नव्हतं. जावा बेटावरच्या सेमारांगच्या जुन्या शहरामागच्या त्या गल्लीत ही काही मोठी कामगिरी मानली जात नसे, कारण तिथे कुणीच कुणाला नाही म्हणत नाही. विमा विकणारा आला तर 'बरं, बघू या' म्हणायचं. मेहुण्याने मोटारसायकल मागितली तर 'न्या की, त्यात विचारायचं काय' म्हणायचं, आणि मग ती मोटारसायकल नेमकी त्याच दिवशी बिघडायची. मेहुण्यालाही ते कळतं. तो बिघडलेल्या मोटारसायकलबद्दल हळहळतो, चहा पितो आणि आनंदाने चालत घरी जातो. एवढी सोयीची रीत सोडून जगातले लोक तोंडावर 'नाही' का म्हणतात, हे सरकारी कचेरीत उभा जन्म काढूनही विबिसोनोंना कळलं नव्हतं.

तशीच दुसरी रीत आमंत्रणाची. आपण दारात कुंड्यांना पाणी घालत असलो आणि समोरून कुणी गेलं, की 'या ना, टेका जरा' म्हणायचं. जाणाऱ्याने 'येईन हं कधीतरी निवांत' म्हणत चालत राहायचं. यात कुणी बोलावत नाही, कुणी येत नाही आणि दोघांचाही दिवस बरा जातो. विबिसोनो हे पोस्टमनला म्हणत, शाळेतून येणाऱ्या पोरांना म्हणत. एकदा तर अख्खी गल्ली ज्याच्यामागे चोर चोर म्हणून धावत होती, त्यालाही ते सवयीने म्हणून गेले होते, आणि त्यानेही पळता पळता हात जोडले होते.

त्या मंगळवारी दुपारी ते हेच वाक्य अडतीस गोऱ्या माणसांना म्हणाले.

चूक त्यांची नव्हती, असं त्यांचं आजही मत आहे. चूक समुद्राची होती. बंदराला परदेशी प्रवाशांचं एक भलंमोठं जहाज लागलं होतं, आणि त्यातल्या एका तुकडीला शहर दाखवून संध्याकाळच्या आत परत पोचवायचं काम त्यांच्या मुलीकडे, रेत्नोकडे होतं. रेत्नो त्या सहल कंपनीत अजून उमेदवारीवर होती. मागच्या खेपेला तिची तुकडी जहाजावर उशिरा पोचली, तेव्हा कंपनीचे मालक पाक हांदोको यांनी तिला समोर बसवून अत्यंत गोड आवाजात तिच्या आईची तब्येत विचारली होती. पाक हांदोको माणसाच्या घरच्यांची तब्येत विचारू लागले, की पुढच्या वेळी त्या माणसाने घरीच बसायचं, हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक होतं. रेत्नोने मग आठवडाभर रोज पहाटे उठून रस्ते पाठ केले होते. या वेळी उशीर होऊन चालणार नव्हता.

पण त्या दिवशी भरतीचं पाणी नेहमीपेक्षा लवकर मोठ्या रस्त्यावर आलं. शहराच्या या बाजूला समुद्र असा अधूनमधून येतो, जावयासारखा, न कळवता. आणि लोक पाय खुर्चीवर घेऊन तो जायची वाट पाहतात. घुमटाच्या चर्चपाशी उभ्या असलेल्या रेत्नोला बसपर्यंत जायला एकच कोरडा रस्ता उरला, तो स्वतःच्या घरावरून जाणारा. मिटलेली छत्री उंच धरून ती गल्लीत शिरली, तर समोर बाप झारी घेऊन उभा. तिने लांबूनच डोळ्यांनी खुणा केल्या. पोरीच्या डोळ्यात कचरा गेलेला दिसतो, असं विबिसोनोंना वाटलं.

आता अडतीस माणसं दारावरून जात असताना मुकाट्याने कुंडीत पाणी घालत राहणं हे त्यांच्या संस्कारात बसेना. इंग्रजी तर जेमतेम. 'टेका जरा'ला त्या भाषेत काय म्हणतात ते आठवेना, म्हणून झारी खाली ठेवून, थोडं वाकून, उजवा हात घराकडे करत ते म्हणाले, "प्लीज, कम इन."

सगळ्यांत पुढे मिसेस हॅलोरन होत्या. ऑस्ट्रेलियाच्या, सत्तरी उलटलेल्या, गवती टोपी घातलेल्या, आणि सकाळपासून फक्त बंद दारांचे फोटो काढून कंटाळलेल्या. त्या थांबल्या. "खरंच?" त्यांनी विचारलं. याला जावातल्या माणसाने काय उत्तर द्यायचं असतं? विबिसोनो हसले. मिसेस हॅलोरननी सँडल काढून दाराशी ठेवल्या आणि त्या आत गेल्या. प्रवाशांचा स्वभाव असा, की पुढचा जिकडे वळेल तिकडे मागचे. रेत्नोने छत्री हलवून हलवून थकवली, पण तोवर दारात सदतीस जोड आणखी जमा झाले होते.

घराबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पाणी आत येतं म्हणून विबिसोनोंच्या वडिलांनी एकदा आणि स्वतः विबिसोनोंनी दोनदा घराची जमीन भर घालून उंच केली होती. छत मात्र होतं तिथेच राहिलं. त्यामुळे खिडक्या गुडघ्याला लागतात आणि दिवा लावायला शिडी लागत नाही. गल्लीतली सगळीच घरं तशी, आणि माणसं बेताच्या उंचीची, म्हणून कुणाचं काही अडत नाही. ही जहाजावरची माणसं मात्र चांगली ताडमाड उंच. ती एकामागोमाग एक कमरेत वाकून, मान खाली घालून आत आली आणि तशीच वाकून चटईवर बसली. विबिसोनोंना गहिवरून आलं. वडीलधाऱ्यांसमोरून जाताना असं वाकून जायचं असतं, हे आपल्याच नातवंडांना दहादा सांगावं लागतं, आणि ही सातासमुद्रापलीकडची माणसं बघा, असं ते बायकोला म्हणाले. बायको, बू सुलास्त्री म्हणजे सुलास्त्रीबाई, तेव्हा स्वयंपाकघरात ग्लास मोजत होत्या. ते नऊ होते.

इथून पुढे त्या गल्लीने जे केलं त्याला तोड नाही, हे कुणीही कबूल करील. सुलास्त्रीबाईंनी मागच्या दारातून शेजारच्या बू तुमिरांना नुसती एक हाक मारली. काय झालं, किती झाले, का झाले, असं कुणी विचारलं नाही. कुंपणावरून ग्लास येऊ लागले, मग थाळ्या, मग मोगऱ्याच्या गोड चहाची किटली, मग दुसरी. एका घरातून तळलेली केळी आली, दुसऱ्या घरातून सारण भरून तळलेल्या गरम लुम्प्या, तिसऱ्या घरी संध्याकाळी बारशाचं जेवण होतं तिथून शंकूसारखा रचलेला हळदीचा पिवळा भात तसाच उचलून आणला गेला. बारशाच्या घरची आजी म्हणाली, की बाळाला अजून दात नाहीत, त्याला कुठे कळतंय. बायकांनी भांडण न करता, हसतखेळत हे सगळं उभं केलं, आणि नवऱ्यांनी दारात उभं राहून ते कसं करावं याचा सल्ला दिला.

तेवढ्यात गल्लीप्रमुख पाक मारवोतो आले. गल्लीच्या तोंडाशी 'पाहुण्यांनी नोंद करावी' अशी पाटी त्यांनीच रंगवून घेतली होती, आणि ती लागल्यापासून एकाही पाहुण्याने नोंद केली नव्हती. आज ते काळी टोपी आणि समारंभाचा बातिकचा शर्ट घालून, वही काखेत मारून आले. त्यांनी पासपोर्ट मागितले. पासपोर्ट जहाजावर आहेत, असं रेत्नोने सांगितलं. मग पाहुण्यांनी जहाजावर जाऊन ते घेऊन यावेत, असा त्यांनी तोडगा काढला. एकदा जहाजावर गेले तर ते परत येणारच नाहीत, म्हणजे नोंदीचा प्रश्नच मिटतो, असं रेत्नो म्हणाली. मारवोतो विचारात पडले. ज्यांच्या येण्याची नोंद नाही ते अधिकृतरीत्या आलेलेच नाहीत, आणि जे आलेलेच नाहीत त्यांना जाऊ कसं द्यायचं, अशी त्यांची अडचण होती. ती सुटेपर्यंत सुलास्त्रीबाईंनी त्यांच्या हातात ग्लास दिला, आणि ते एका निवृत्त डच दंतवैद्याशेजारी जाऊन बसले. त्यानंतर त्या दोघांत काय बोलणं झालं कळत नाही, कारण एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. पण दंतवैद्याने मारवोतोंची वरची दाढ बघितली एवढं खरं.

खरा घोटाळा चहाने केला. जावात पाहुणा चहा पूर्ण संपवत नाही. तळाशी घोटभर ठेवतो, म्हणजे 'पुरे झालं' असं यजमानाला समजतं. रिकामा ग्लास दिसला तर पुन्हा भरणं यजमानाला भागच असतं. उलट या पाहुण्यांना त्यांच्या आयांनी शिकवलं होतं, की कुणी प्रेमाने दिलं तर थेंबभरही टाकू नये. त्यामुळे ते शहाण्यासारखे ग्लास रिकामा करत, विबिसोनो शहाण्यासारखे तो भरत, आणि पाहुणे घाम पुसून पुन्हा कामाला लागत. दोन्ही बाजू इतक्या सभ्य होत्या, की थांबायचं कुणी हेच ठरेना. कॉलिन नावाच्या एका धिप्पाड गृहस्थाने सहावा ग्लास संपवला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

रेत्नो दारात उभी राहून पाण्याकडे बघत होती. बस मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, आणि मधे पाणी चढत चाललेलं. तिने टाळी वाजवून इंग्रजीत सांगितलं, की आता निघायला हवं. अडतीस जण आज्ञाधारकपणे वाकून उठले. आणि विबिसोनोंच्या तोंडून, तीन पिढ्यांच्या सवयीने, आपसूक निघून गेलं, की एवढी काय घाई, अजून भात कुठे खाल्लात? त्यांनी हात असा काही हलवला, की भाषांतराची गरजच पडली नाही. अडतीस जण बसले.

रेत्नोने बापाला स्वयंपाकघरात नेलं.

"बापाक, ते उठले होते."

"अगं, उठले म्हणजे लगेच जाऊ द्यायचं? लोक काय म्हणतील?"

"आज पुन्हा उशीर झाला तर पाक हांदोको मला काढतील. मी त्यांना पुन्हा उठवते. तुम्ही फक्त काही बोलू नका. एवढंच करा माझ्यासाठी."

विबिसोनोंनी मान डोलावली. मुलीच्या नोकरीची त्यांना फिकीर नव्हती असं नाही. उलट गल्लीत ते रोज कुणाला ना कुणाला सांगत, की आमची रेत्नो इंग्रजी माणसांना पुढे घालून नेते. पण काही गोष्टी माणूस करत नाही, त्या होतात. रेत्नोने दुसऱ्यांदा उठवलं, पाहुणे उठले, आणि विबिसोनो दोन्ही ओठ घट्ट मिटून उभे राहिले. मिसेस हॅलोरन त्यांचा निरोप घ्यायला पुढे आल्या, त्यांनी यजमानांचा हात हातात घेतला, आणि विबिसोनोंचे ओठ उघडले. "बसा की अजून," ते म्हणाले.

गल्लीतल्यांना एव्हाना प्रकरण समजलं होतं आणि सल्ल्यांना ऊत आला. बू तुमिरा म्हणाल्या, की केरसुणी दाराआड उलटी उभी करा, पाहुणा आपोआप उठतो. केरसुणी उलटी केली. मिसेस हॅलोरननी तिचा फोटो काढला. दुसऱ्या कुणी म्हणालं, की खांद्यावर टॉवेल टाका, आंघोळीची वेळ झाली असं दाखवा, कोणताही समजदार माणूस निघून जाईल. विबिसोनो टॉवेल आणि साबण घेऊन पाहुण्यांच्या मधून दोनदा फिरले. पाहुण्यांना वाटलं हा इथल्या पाहुणचाराचाच काही भाग असावा, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी वर्षं कचेरीत मान वर करून वावरलेल्या माणसावर स्वतःच्या घरात साबण हातात घेऊन टाळ्या घ्यायची पाळी यावी, याहून वाईट काय?

तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पाणी चमकलं. मारवोतोंच्या पाटीच्या खांबाला ते लागलं आणि हळूच आत वळलं.

रेत्नोने तिसऱ्यांदा टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले. मग बापाकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर विबिसोनोंनी तो सहन केला असता, पण पोरीचे डोळे भरून आले होते आणि ती ते लपवायला खिडकीकडे, म्हणजे स्वतःच्या गुडघ्यांकडे बघू लागली. लहानपणी परीक्षेचा निकाल हातात घेऊन ती अशीच उभी राहायची.

विबिसोनो खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले. टॉवेल अजून खांद्यावर होता.

"जा," ते इंग्रजीत म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "तुमचं जहाज जाईल. माझ्या मुलीची नोकरी जाईल. आता जा."

स्वयंपाकघरात एक झाकण पडलं आणि बराच वेळ फिरत राहिलं. मारवोतोंनी उघडी वही मिटली, जणू आपण हे ऐकलं असं कुठे लिहिलं जायला नको. पाहुण्याला 'जा' म्हणणारा माणूस त्या गल्लीने पाहिला नव्हता, आणि आता पाहिला तो कोण, तर विबिसोनो.

पाहुणे मात्र असे काही उठले, की जणू इतका वेळ याच शब्दाची वाट बघत होते. आपल्यामुळे या पोरीची नोकरी जाणार, हे तोवर त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगणं सभ्यपणाचं नव्हतं. कॉलिनने उरलेला चहा उरलेलाच ठेवला आणि तो चपला शोधू लागला.

बाहेर पाणी पोटरीपर्यंत आलं होतं. पण आता सूत्रं गल्लीच्या हाती होती, आणि गल्लीला पाणी नवं नव्हतं. निरोप मिळाल्यासारख्या सायकलरिक्षा आल्या. बर्फवाल्याची गाडी आली, तांदळाच्या दुकानातली हातगाडी आली. डच दंतवैद्याला मारवोतोंनी स्वतःच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसवलं. नोंद नसलेल्या माणसाला हद्दीबाहेर पोचवणं हेही त्यांच्याच कामात येत होतं. बायका पाण्यातून धावत प्रत्येकाच्या हातात केळीच्या पानात बांधलेला भात देत होत्या, कारण पाहुणा रिकाम्या हाताने गेला तर बारशाच्या बाळाला ते लागलं असतं. वाटेतल्या घरांतून लोक उंबऱ्यावर उभे राहून रिक्षा ढकलणाऱ्यांना शिव्या आणि धीर दोन्ही देत होते. मिसेस हॅलोरन बर्फाच्या गाडीवर बसून एका हाताने टोपी आणि दुसऱ्याने भात धरून होत्या, आणि हसत होत्या. एकही माणूस पाण्यात पडला नाही. बस सुरू करून ठेवलेली होती. त्या गल्लीचं कौतुक करावं तितकं थोडं.

विबिसोनो शेवटच्या रिक्षातून मागोमाग बंदरावर गेले. पाहुण्यांचा अपमान केला होता, तेव्हा माफी मागायला यजमानाने जाणं भागच होतं. ते पोचले तेव्हा जहाजाचा जिना वर घ्यायला खलाशी उभे होते आणि तुकडीतले शेवटचे लोक त्यावर चढत होते. आणि जिन्याच्या पायथ्याशी, पांढऱ्या मोटारीला टेकून, पाक हांदोको उभे होते.

"पाक विबिसोनो," ते अतिशय गोड आवाजात म्हणाले, "तब्येत कशी आहे आपली?"

रेत्नोचा चेहरा उतरला. विबिसोनो घाईघाईने सांगू लागले, की दोष सगळा आपला, मुलीचा नव्हे. पण त्यांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. मिसेस हॅलोरन जिन्यावरून परत खाली आल्या आणि त्यांनी हांदोकोंना मोठ्या आवाजात ऐकवलं, की अकरा बंदरं झाली, सगळीकडे देवळं आणि दुकानं दाखवली, घरात कुणी घेतलं नाही. आणि या गृहस्थांनी शेवटी जसं दटावून जा म्हटलं, तसं आपल्याला आई गेल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं. मग त्यांनी विबिसोनोंच्या गालाचा मुका घेतला. विबिसोनो हे सुलास्त्रीबाईंना अजून बोललेले नाहीत.

जिना वर गेला. हांदोकोंचा चेहरा पालटला. ते धंद्याचे माणूस होते.

"मी काय म्हणतो," ते विबिसोनोंना म्हणाले, "ही भेट आपण कार्यक्रमातच घालू. प्रत्येक जहाजाला. रेत्नोला कायम करून टाकतो, आणि आपल्या घरालाही काही ना काही देत जाऊ. काय?"

मुलगी कायम होत होती. विबिसोनोंचं तोंड 'हो' म्हणायला उघडलंही होतं.

"नाही," रेत्नो म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघू लागले.

"नाही, पाक. ते आमचं घर आहे. आज बापाकनी बोलावलं म्हणून ते आले, आणि गल्लीने केलं कारण ते पाहुणे होते. पैसे घेतले तर ते पाहुणे राहणार नाहीत, आणि बू तुमिरांकडे मी कोणत्या तोंडाने ग्लास मागू? शहर म्हणाल ते दाखवीन, वेळेवर दाखवीन. घर नाही दाखवणार."

पाक हांदोकोंना गेल्या कित्येक वर्षांत कुणी तोंडावर नाही म्हटलं नव्हतं. त्यामुळे त्यावर काय म्हणायचं असतं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दूर जाणाऱ्या जहाजाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आपल्या बुटांकडे पाहिलं. तिला काढून टाकायचं तर तेही तोंडावर म्हणायला हवं होतं, आणि तेही शेवटी जावातलेच होते.

"बरं," ते म्हणाले. "मग गुरुवारचं जहाज तूच घे." आणि मोटारीत बसून निघून गेले.

परतताना बापलेक एकाच सायकलरिक्षात, पाय वर घेऊन बसले होते. पूल आला तेव्हा विबिसोनोंनी विचारलं,

"एवढं तोंडावर बोलायला तुला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच," रेत्नो म्हणाली. "आज दुपारी. त्याआधी मला वाटायचं, आपल्या घरात कुणाला ते जमतच नाही."

विबिसोनोंना यावर रागवायचं होतं. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि रिक्षावाल्याला उगाचच सावकाश चालव म्हणाले. पुढे आठवडाभर ते गल्लीत ज्याला त्याला थांबवून सांगत होते, की आमची मुलगी फार उद्धट झाली आहे, मोठमोठ्यांना तोंडावर नाही म्हणते. आणि ऐकणारा भिडेखातर 'छे हो, तशी नाही ती' म्हणाला, की चिडून पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.